अर्जातला एक रकाना, आयुष्याचा हक्क

भरतीची जाहिरात निघाली की आमच्या वस्त्यांत धावपळ सुरू होते. अंतिम दिनांकाच्या आदल्या रात्री सायबर कॅफेसमोर रांग लागते. गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि पैसे कॅफेवाल्याच्या हाती देऊन आमचा पदवीधर तरुण बाहेर चहा पीत उभा राहतो. ज्याने दोन वर्षे रात्रीचा दिवस करून अभ्यास केला, तो आपला अर्ज मात्र दुसऱ्याच्या भरवशावर सोडतो! पुढे कागदपत्र तपासणीत नाव बाद झाले की तोच तरुण वकिलाचा दरवाजा ठोठावतो. अशी प्रकरणे आम्ही वर्षानुवर्षे पाहत आहोत, म्हणून हे स्पष्ट बोलणे.

बिहारमध्ये 2017 च्या पोलीस शिपाई भरतीत राखीव प्रवर्गातील एका तरुणाने असाच कॅफेतून अर्ज भरला. जन्मतारीख 18 डिसेंबर 1997 ऐवजी 8 डिसेंबर अशी पडली. परीक्षा उत्तीर्ण होऊनही तो बाद झाला. 2 जानेवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही चूक क्षुल्लक ठरवून त्याला न्याय दिला. पण एका आकड्यापायी त्याच्या तारुण्याची किती वर्षे कोर्टाच्या पायऱ्यांवर गेली? 2024 मध्येच एका मजुराच्या दलित मुलाला धनबादच्या आयआयटीत मिळालेली जागा 17,500 रुपये वेळेत भरता न आल्याने गेली. तीही सर्वोच्च न्यायालयानेच परत मिळवून दिली. दिल्लीपर्यंत पोहोचलेले हे दोघे. जे तालुक्याच्या कोर्टापर्यंतही पोहोचले नाहीत, त्यांची गणती कोण करणार?

आता आमच्या समाजाच्या दुखऱ्या जागेकडे वळू. अर्जात धर्माचा रकाना आला की आजही आमच्यातील काहींचा हात थरथरतो. 'बौद्ध लिहिले तर सवलत जाईल' या भीतीने ते 'हिंदू' लिहितात. बंधूंनो, ही भीती निराधार आहे. महाराष्ट्राने 1960 पासूनच धर्मांतरित बौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या. केंद्राने 1990 मध्ये अनुसूचित जाती आदेशात दुरुस्ती करून बौद्धांचा समावेश केला. तीस वर्षांहून अधिक काळ हा कायदा आहे. मग 14 ऑक्टोबर 1956 ला घेतलेली दीक्षा एका रकान्यात का विसरायची? धर्म : बौद्ध. प्रवर्ग : अनुसूचित जाती. दोन्ही एकाच अर्जात निःसंकोच लिहा.

काही स्वाभिमानी तरुण उलट विचारतात, 'जात सोडली, मग जातीच्या रकान्यात ती का लिहावी?' प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, तो रकाना तुमची श्रद्धा विचारत नाही. तुमच्या पूर्वजांवर ज्या नावाने अन्याय झाला, ते नाव तो विचारतो, कारण घटनेने त्याच नावाने भरपाईचा हक्क दिला आहे. बौद्ध ही जात नव्हे. म्हणून दाखल्यावर जसे छापले आहे तसेच, अक्षरशः तसेच, अर्जात उतरवा.

आणखी एक गैरसमज. 'गुण चांगले आहेत, मग खुल्यातूनच भरतो,' असे म्हणून काही जण प्रवर्ग लपवतात. पण सवलत न घेता गुणवत्तेवर निवड झालेला राखीव उमेदवार खुल्या जागेवरच धरला जातो, हे तत्त्व 1992 च्या मंडल निकालापासून सर्वश्रुत आहे. प्रवर्ग लिहिल्याने खुले दार बंद होत नाही. न लिहिल्याने मात्र हक्काचे दार बंद होते.

बाकीच्या गोष्टी साध्या आहेत. नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणेच लिहावे. विवाहित भगिनींचा जातीचा दाखला माहेरच्या नावाचा असतो, त्यांनी नावबदलाचा पुरावा आधीच तयार ठेवावा. दाखला आणि पडताळणी यांसाठी जाहिरातीची वाट पाहू नये. केंद्राच्या नोकरीसाठी दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो, तो वेळीच काढावा. अर्ज पाठवण्याआधी प्रत्येक ओळ मोठ्याने वाचावी आणि प्रत जपून ठेवावी. शेवटी 'वरील माहिती सत्य आहे' या ओळीखाली नाव तुमचे असते, कॅफेवाल्याचे नव्हे.

1913 मध्ये बडोदा संस्थानाच्या करारावर सही करून बाबासाहेब कोलंबियाला गेले. दहा वर्षे नोकरीची अट त्या करारात होती आणि त्याच अटीपायी त्यांना 1917 मध्ये बडोद्याला परतावे लागले. सहीची किंमत काय असते, हे आमच्या उद्धारकर्त्याने स्वतः भोगले आहे.

आमची विहारांना विनंती आहे. रविवारच्या वंदनेनंतर एक टेबल मांडा. गावातला एखादा शिक्षक, एखादा कारकून, एखादा वकील तिथे बसवा आणि मुलांचे अर्ज तपासून द्या. जयंतीच्या वर्गणीतला थोडा पैसा त्यावर खर्च झाला तर बाबासाहेबांना तेच खरे अभिवादन ठरेल.

जयभीम!