खुर्ची हवी, शेजारी नको

डेन्मार्कच्या सरकारी कागदपत्रांत ‘बिगर-पाश्चात्त्य’ असा एक शब्द आहे. माणसं मोजताना तो वापरतात. तुम्ही कोपनहेगनच्या इस्पितळात जन्मलात, तिथल्याच शाळेत शिकलात, घरात भावंडांशी डॅनिशमध्ये भांडलात, तरी आईवडील लेबनॉन, तुर्कस्तान, सोमालिया किंवा पाकिस्तानातून आलेले असतील तर या मोजणीत तुम्ही बिगर-पाश्चात्त्यच. शब्द नुसता आकडेवारीच्या तक्त्यात पडून राहिला असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण २०१८च्या कायद्यापासून, तुमच्या वसाहतीत अशी माणसं किती आहेत यावर तुमच्या इमारतीचं भवितव्य ठरू लागलं आहे.

याच देशाच्या खुर्च्या, दिवे आणि घरं आज जगभर सभ्यतेची खूण म्हणून विकली जातात. मराठी वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्यांतही ‘नॉर्डिक लूक’, ‘स्कँडिनेव्हियन साधेपणा’ यावर लेख येतात. पांढरी भिंत, फिकट लाकूड, खिडकीतून येणारा उजेड. जणू बर्फाच्या देशातल्या शांत, स्वच्छ, गोऱ्या माणसांच्या स्वभावातूनच ही शैली उगवली आणि बाहेरच्या जगाचा तिला स्पर्शही झाला नाही. हे चित्र खोटं आहे. ज्या घराला जग स्कँडिनेव्हियन म्हणतं, त्यात बिगर-पाश्चात्त्य वस्तू, बिगर-पाश्चात्त्य कल्पना आणि निर्वासितांचे हात भरपूर आहेत. बनवणाऱ्यांनी ते कधी लपवलंही नव्हतं. लपवलं विकणाऱ्यांनी, आणि त्याचा फायदा झाला राजकारण्यांना.

सुरुवात कोरे क्लिंटपासून करू. १९२४ साली कोपनहेगनच्या रॉयल अकादमीत फर्निचरचं शिक्षण सुरू झालं ते त्याच्या हाताखाली. क्लिंटची पद्धत सोपी होती. नवं काही सुचण्याची वाट बघत बसू नका. जगात कुठे, कोणी, कधी बसण्याचा प्रश्न नीट सोडवला आहे ते शोधा, ती वस्तू मोजा, तिचं रेखाटन करा, मग आजच्या गरजेनुसार तिच्यात बदल करा. विद्यार्थी संग्रहालयात जाऊन जुनी इंग्रजी, चिनी, इजिप्शियन आसनं इंचाइंचाने मोजत. क्लिंटची स्वतःची १९३३ची प्रसिद्ध ‘सफारी’ खुर्ची घ्या. कातडी पट्टे, सुटे होणारे लाकडी दांडे, खिळा नाही, गोंद नाही. तिचं मूळ आहे ‘रुरकी चेअर’. हो, आपलं उत्तराखंडातलं रुरकी. तिथे ब्रिटिश हिंदुस्थानच्या लष्कराच्या अभियंत्यांचं ठाणं होतं आणि छावणीत फिरणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी ही खुर्ची तयार झाली होती. आता ती वसाहतवाद्यांची खुर्ची होती, हेही सांगायला हवं. पण डॅनिश साधेपणाचा नमुना म्हणून जिची छायाचित्रं छापली जातात, तिची जन्मकथा हिंदुस्थानातल्या छावणीत सुरू होते, हे किती पुरवण्यांनी छापलं?

हान्स वेग्नरने १९४४मध्ये केलेल्या खुर्चीचं नावच ‘चायना चेअर’. चीनमधल्या मिंग काळातल्या खुर्च्या पाहून त्याने ती केली. ओले वान्शरने १९५७मध्ये प्राचीन इजिप्तचं घडीचं स्टूल पुन्हा घडवलं. आपल्याकडच्या रेहालासारखे त्याचे पाय फुलीत उघडतात. त्याचं नाव ‘इजिप्शियन स्टूल’. नावातच कबुली आहे. आणि पन्नास-साठच्या दशकांत जे ‘डॅनिश फर्निचर’ अमेरिकेत जहाजं भरभरून गेलं, त्याचं सर्वात लाडकं लाकूड कोणतं? सागवान. डेन्मार्कच्या मातीत सागाचं रोपटंसुद्धा जगत नाही. डॅनिश ईस्ट एशियाटिक कंपनीने सयामच्या जंगलांत सागाचे मक्ते घेतले होते. आमच्याकडे आजोबांच्या दाराला, कपाटाला जे लाकूड असतं तेच घासूनपुसून, तेल लावून उत्तरेचं झालं.

पण मला सांगायचं आहे ते मुख्यतः ब्योर्गे मोगेन्सनबद्दल, कारण या सगळ्या गोष्टीची गाठ त्याच्यापाशी बसते. मोगेन्सन क्लिंटचा विद्यार्थी. १९४२ साली डेन्मार्कच्या ग्राहक सहकारी संघाने, म्हणजे आपल्याकडच्या अपना बाजारच्या जातीच्या संस्थेने, स्वतःचा फर्निचर विभाग काढला आणि या तरुणाला त्याचा प्रमुख केलं. काम काय, तर कामगाराला परवडेल अशी टिकाऊ वस्तू बनवणं. १९४७मध्ये त्याने जे-३९ ही खुर्ची केली. बीचचं लाकूड, कागदाच्या पिळलेल्या दोरीने विणलेली बैठक. लोक तिला ‘लोकांची खुर्ची’ म्हणू लागले. मोगेन्सन कपाट आखण्याआधी साध्या कुटुंबात सदरे किती, ताटं किती, चादरींच्या घड्या किती लांबीच्या, हे मोजायचा. सौंदर्यशास्त्राची एवढी नम्र सुरुवात मला दुसरीकडे क्वचितच दिसली आहे.

याच माणसाने १९५८मध्ये स्पेनच्या प्रवासानंतर ‘स्पॅनिश चेअर’ केली. भरदार ओक, घोड्याच्या खोगिराला वापरतात तसं जाड चामडं, आणि बसणाऱ्याला पेला ठेवता यावा इतके रुंद हात. या घाटाची खुर्ची अंदलुसियापासून उत्तर हिंदुस्थानापर्यंत, जिथे जिथे एकेकाळी इस्लामी संस्कृतीचा वावर होता तिथे आढळते, असं ती बनवणारी कंपनीसुद्धा सांगते. मोगेन्सनने तिच्यावरची नक्षी काढून टाकली आणि सांगाडा ठेवला.

इथे आपल्या काही बांधवांना सांगायला हवं: लगेच ‘बघा, सगळं आमच्याकडूनच नेलं’ अशी आरोळी ठोकू नका. अंदलुसियाच्या सुताराने नक्षीची खुर्ची केली, मोगेन्सनने नक्षीशिवायची केली. दोघांचंही काम खरं आहे. आणि आपण काय केलं? मोहल्ल्यातल्या दिवाणखान्यांत सोनेरी रंग फासलेले, सिंहाचे पंजे लावलेले सोफे आणून ठेवले. जुन्या मशिदींचं लाकडी छत उतरवून प्लास्टर ऑफ पॅरिसचे घुमट चढवले. वारसा आपला म्हणून मिरवायचा आणि त्याचा अभ्यास मात्र कोपनहेगनच्या विद्यार्थ्यांनी करायचा, ही वाटणी आपणच मान्य केलेली आहे.

घरांकडे वळू. सिडनीच्या ऑपेरा हाउसमुळे योर्न उत्झनचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्याचं मला अधिक मोलाचं वाटणारं काम डेन्मार्कमध्येच, हेल्सिंगोर गावी आहे. १९५६नंतरच्या काही वर्षांत त्याने तिथे साठेक बैठी घरं बांधली. सरकारी कर्जाच्या मर्यादेत बसणारी, साध्या कमाईच्या कुटुंबांसाठी. प्रत्येक घर काटकोनात दोन बाजूंनी, उरलेल्या दोन बाजूंना विटांची भिंत आणि मधोमध अंगण. रस्त्याकडे पाठ, अंगणाकडे तोंड. ज्याने पैठणचा वाडा, फेसची हवेली किंवा काशानचं घर पाहिलं आहे त्याला याची ओळख सांगायला नको. उत्झन चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मोरोक्कोत फिरला होता, तिथली मातीची गावं त्याने पाहिली होती. चिनी बांधकामाचाही त्याने कसून अभ्यास केला. पुढे कुवेतच्या संसदेचा आराखडा करताना त्याने मधून एक लांब झाकलेली वाट नेली आणि दोन्ही बाजूंना खाती बसवली. इस्फहानच्या बाजारातून हे सुचलं, हे तो स्वतः सांगत असे.

आणि हात कोणाचे? ‘स्वीडिश’ घराची जी उबदार, फुलापानांच्या कापडांची प्रतिमा आहे ती घडवण्यात सर्वात मोठा वाटा योसेफ फ्रांकचा. हा व्हिएन्नाचा ज्यू वास्तुकार १९३३मध्ये यहुदीद्वेषाला कंटाळून पत्नीच्या देशात, स्वीडनमध्ये आला. ‘अँट’ आणि ‘एग’ या खुर्च्यांचा कर्ता आर्ने याकोबसनही ज्यू. १९४३मध्ये नाझींनी डेन्मार्कमधल्या ज्यूंची धरपकड सुरू केली तेव्हा तो होडीने सामुद्रधुनी ओलांडून स्वीडनला पोहोचला. त्या शरद ऋतूत डेन्मार्कच्या सामान्य माणसांनी सुमारे सात हजार ज्यूंना पलीकडे पोहोचवलं. तेव्हाच्या डॅनिश माणसाला शेजाऱ्याचा धर्म आडवा आला नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण आजच्या कायद्याला ‘डॅनिश मूल्यं’ म्हणतात तेव्हा यातली कोणती मूल्यं, असं विचारता यावं.

१९२८मध्ये स्वीडनचे समाजवादी नेते पेर आल्बिन हान्सन यांनी देशाला घराची उपमा दिली होती. चांगल्या घरात कोणी लाडकं नसतं आणि कोणी सावत्र नसतं, असा त्या भाषणाचा आशय. त्यानंतर चाळीसएक वर्षांत उत्तरेच्या या देशांनी जे केलं ते खुर्च्यांपेक्षा कितीतरी मोठं आहे. स्वीडनने १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत सुमारे दहा लाख घरं बांधली, तीही जेमतेम ऐंशी लाख लोकसंख्येच्या देशात. डेन्मार्कमध्ये ना-नफा गृहसंस्था वाढल्या. आज तिथलं पाचातलं जवळपास एक घर अशा संस्थेचं आहे. ही घरं ‘गरिबांची’ नाहीत. त्यांच्या नावाचा अर्थच ‘सर्वसाधारण’, सर्वांसाठी. यादीत नाव घालायचं, पाळी आली की घर मिळायचं, इमारतीच्या कारभारात भाडेकरूंना मत. आधुनिक वास्तुकलेने जो शब्द दिला होता तो इथे पाळला गेला: उजेड, हवा, स्वयंपाकघरात पाणी, खाली मुलांना खेळायला हिरवळ. ऑर्हुस शहरातली गेलेरुप वसाहत अशीच, साठच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली. सगळं आलबेल होतं असं नाही. प्रचंड, एकसारख्या, शहरापासून तुटलेल्या वसाहती कंटाळवाण्या होत्या आणि ज्यांना परवडलं ते डॅनिश, स्वीडिश लोक बंगल्यांत निघून गेले. रिकाम्या झालेल्या घरांत कोण आलं? कारखान्यांनी बोलावलेले तुर्की आणि पाकिस्तानी कामगार, मग लेबनॉन, इराक, सोमालियातून पळालेली कुटुंबं.

आता कायदा पाहा. हजाराहून अधिक वस्तीच्या अशा वसाहतींसाठी चार निकष आहेत: बेकारी, गुन्ह्यांच्या शिक्षा, शिक्षण आणि उत्पन्न. चारपैकी दोन निकषांत वसाहत नापास झाली तर ती ‘दुर्बल वसाहत’. मात्र तिथे निम्म्याहून अधिक लोक बिगर-पाश्चात्त्य असतील तर ती ‘घेट्टो’. सरकारी कागदावर हाच शब्द होता; २०२१मध्ये तो बदलून ‘समांतर समाज’ केला. सलग काही वर्षं त्या यादीत राहिलात तर वसाहतीतली सर्वसाधारण कौटुंबिक घरं २०३०पर्यंत ४० टक्क्यांवर आणायची. आणायची म्हणजे पाडायची, विकायची किंवा वृद्ध-विद्यार्थ्यांसाठी बदलायची. अशा वसाहतीतल्या मुलाला वर्षाचं झाल्यावर आठवड्याला पंचवीस तास पाळणाघरात पाठवणं सक्तीचं, डॅनिश मूल्यं शिकण्यासाठी. शेजारच्या बंगल्यातल्या मुलाला ही सक्ती नाही.

समर्थक म्हणतात, प्रश्न धर्माचा नाही. गुन्हेगारीचा आहे, बेकारीचा आहे, मुली घरात कोंडल्या जातात याचा आहे. हे प्रश्न खरे आहेत. टोळ्या आहेत, गोळीबार झाले आहेत, आणि मुलींवर पहारा ठेवणारे बाप-भाऊही आहेत. त्यांची पाठराखण करायला मी बसलेलो नाही. पण मग समान बेकारी, समान गुन्हे, समान गरिबी असलेल्या दोन वसाहतींपैकी एकीलाच बुलडोझर का? दोघींमध्ये फरक उरतो तो फक्त रहिवाशांच्या आईवडिलांच्या देशाचा. कोपनहेगनच्या म्योल्नरपार्केन वसाहतीतल्या रहिवाशांनी नेमका हाच मुद्दा घेऊन कोर्ट गाठलं. प्रकरण लक्झेम्बर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं आणि फेब्रुवारी २०२५मध्ये तिथल्या महाअधिवक्त्यांनी मत दिलं की हा वांशिक मुळावरून केलेला थेट भेदभाव आहे. मात्र खटला चालू असतानाच इमारती खासगी गुंतवणूकदारांकडे गेल्या आणि कुटुंबांना हलवण्याचं काम थांबलं नाही. घाम गाळून सहकाराने जे सर्वांसाठी उभारलं, ते ‘मूल्यं’ वाचवण्याच्या नावाखाली बाजाराकडे चाललं आहे. मूळच्या गोऱ्या डॅनिश भाडेकरूंचंही घर यात जातं, हे त्यांच्यातल्या अनेकांच्या उशिरा लक्षात आलं.

त्याच शहरात डिझाइनचं संग्रहालय आहे. जुन्या इस्पितळाच्या त्या वास्तूचं संग्रहालयात रूपांतर करण्यात खुद्द क्लिंटचा हात होता. आत खुर्च्या एकेका कोनाड्यात दिव्याखाली मांडल्या आहेत. आपल्या देशात आलेल्या परक्या खुर्चीशी कसं वागायचं हे या लोकांना नक्की ठाऊक आहे: नीट बघायचं, मोजायचं, ती काय शिकवते ते विचारायचं, आणि जागा द्यायची.

आता जरा इकडे. आयकिया २०२०च्या डिसेंबरात नवी मुंबईत, तुर्भ्याला आलं. गर्दी अजून हटत नाही. मीही जाऊन आलो, कपाट चांगलं निघालं. पुण्या-मुंबईच्या नव्या संकुलांच्या जाहिरातींत आता ‘नॉर्डिक’ नमुना सदनिका असते. घेट्टो म्हणजे काय हे आपल्याला डेन्मार्ककडून शिकायची गरज नाही. ९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतून मुंब्र्याला सामान हलवलेल्या हजारो कुटुंबांना तो शब्द न वाचताही कळला होता. डेन्मार्कने निदान आधी घर दिलं आणि मग पाडायला घेतलं. आपल्याकडे दारच उघडत नाही, आणि त्यासाठी कायदाही लागत नाही. नमुना सदनिकेत रुंद हातांची, चामड्याच्या बैठकीची खुर्ची ठेवलेली असते, अंदलुसियाच्या खुर्चीच्या नकलेची नक्कल. दलाल ती कौतुकाने दाखवतो, बसून बघा म्हणतो, आणि चावी परत घेताना आडनाव विचारतो.