परदेशी निघालात? पेटी हिशेबाने भरा



सप्टेंबर उजाडला की आपल्या वस्त्यांतली काही मुले-मुली युरोपात शिकायला निघतात. कोणी राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्तीवर, कोणी कर्ज काढून. मागाहून एखादे आईवडीलही जातात. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील १० नंबरचे बाबासाहेबांचे घर, जे २०१५ साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले, ते डोळे भरून पाहावे. १९२१ साली बाबासाहेबांनी नाव नोंदवले ते जर्मनीतले बॉन विद्यापीठ पाहावे, अशी त्यांची इच्छा असते. मग घरात एकच घोर, थंडीचे कपडे किती न्यायचे?

प्रथम थंडी समजून घ्या. ऑक्टोबरात लंडनला दिवसा साधारण १५ आणि रात्री १० अंशांच्या आसपास तापमान असते. नोव्हेंबरात आणखी उतरते. एवढी थंडी नागपूरकरांना पौषातल्या पहाटे ठाऊक आहे. फरक इतकाच की तिकडे दुपारीही ऊन तापत नाही, वारा बोचतो आणि पावसाची भुरभुर केव्हाही येते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे लवकर अंधारते.

म्हणून एकच जाडजूड कोट नेण्यापेक्षा थरावर थर घालावेत. आत अंगाबरोबरचे थर्मल, त्यावर शर्ट किंवा कुर्ता, त्यावर स्वेटर आणि सर्वांत वर पाणी न शिरणारे जॅकेट. इमारतीत हीटर असतो, तिथे वरचे थर काढता येतात. जॅकेट घेताना आत स्वेटर घालूनच मापून पाहा.

दहा दिवसांसाठी एवढे पुरे: थर्मल २ जोड, शर्ट-कुर्ते ४, पँट किंवा सलवार ३, स्वेटर २, जॅकेट १, आतले कपडे ७, मोजे ६ जोड, मफलर, कानटोपी, हातमोजे. वंदनेसाठी पांढरे कपडे एक जोड. साडी नेसणाऱ्या भगिनींनी परकराच्या आत थर्मलची विजार घालावी, साडी चटकन वाळणारी घ्यावी व घोट्याच्या वर नेसावी. ओला काठ दिवसभर पायाला गारठवतो. चप्पल नको. जुन्या शहरांत दगडी रस्ते असतात. रबरी तळाचे बूट घ्या आणि निघण्यापूर्वी पंधरा दिवस इथेच वापरा.

जड जॅकेट व बूट प्रवासात अंगावरच ठेवा, तेवढे वजन वाचते. औषधे, कागदपत्रे आणि कपड्यांचा एक जोड हातातल्या बॅगेत असू द्या. मोठी पेटी मागे राहिली तरी अडत नाही. आपल्याकडे स्वेटर हिवाळ्यात भरपूर मिळतात, सप्टेंबरात शोधावे लागतात. तेव्हा जायचे ठरले असेल तर आधीच्या हिवाळ्यातच घेऊन ठेवा.

आता नाजूक गोष्ट. लंडनमध्ये धर्मादाय संस्थांच्या दुकानांत लोकांनी दान दिलेले चांगले कोट स्वस्तात मिळतात. हे ऐकून आपल्या आया दुखावतात. "आम्ही लोकांचे उतरलेले कपडे घातले, आता लेकरानेही तेच घालायचे का?" असे विचारतात. त्यांचे दुःख खरे आहे. मनुस्मृतीने चांडाळांना मेलेल्यांची वस्त्रेच नेमून दिली होती. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली आणि त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माताभगिनींना स्वच्छ, नीटनेटके राहायला सांगितले.

पण मातांनो, ती सक्ती होती. इथे तुमचे लेकरू दुकानात शिरते, दहा कोट घालून पाहते, मोल देऊन आवडेल तो घेते. त्याच रांगेत गोरे विद्यार्थीही उभे असतात. यात कमीपणा नाही. कमीपणा वाटावा तो शेजाऱ्यांना दाखवण्यासाठी सावकाराकडून पैसे काढून भारी कोट घेण्यात. ते व्याज पुढे घरानेच फेडायचे असते.

वाचलेले पैसे मुलाच्या पुस्तकांना द्या. आणि पेटी बंद करण्यापूर्वी आतल्या कपड्यांची यादी लिहून एक प्रत घरी ठेवा.

जय भीम! जय बुद्ध!