भ्रमराचा जमाखर्च

साधूंच्या आहारचर्येला जैन परंपरेत ‘भ्रामरी वृत्ती’ म्हटले जाते. दशवैकालिक सूत्राच्या पहिल्याच अध्ययनात हा दृष्टांत येतो. भ्रमर फुलाला पीडा न देता थोडा थोडा रस घेतो. साधूनेही गृहस्थावर भार न टाकता आहार घ्यावा, असा त्याचा आशय आहे. याच भ्रमराच्या कुळातील एक केसाळ, स्थूल माशी आज जगाच्या भाजीबाजाराचा मोठा आधार झाली आहे. तिचे नाव बंबलबी.

टोमॅटोच्या फुलात मकरंद नसतो. त्याचे परागकण पुंकेसरांच्या नळीत बंदिस्त असतात आणि फूल हादरल्याशिवाय पुरेसे बाहेर पडत नाहीत. उघड्या शेतात वारा हे काम करतो. काचगृहात वारा नाही. म्हणून नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये मजूर थरथरणाऱ्या कांडीने एकेक फुलोरा हलवीत असत. १९८५ मध्ये बेल्जियमचे पशुवैद्य डॉ. रोलंड डी योंगे यांनी हे काम बंबलबी उत्तम करते, हे ओळखले. ही माशी जबड्याने फूल धरते आणि पंख न हलवता उडण्याच्या स्नायूंनी त्याला कंप देते; पराग आपोआप झडतो. मधमाशीला ही कला अवगत नाही. २००४ च्या सुमारास जगभरात वर्षाला सुमारे दहा लाख वसाहती पेट्यांतून विकल्या जात होत्या.

या व्यवहाराची जमा बाजू भक्कम आहे. मजुरी वाचली, फळे भरदार झाली. मध काढून घेण्याचा प्रश्नच नाही. उलट मकरंद नसल्याने पेटीत साखरेचा पाक ठेवावा लागतो. सर्वांत मोठा लाभ वेगळाच. विषारी फवारणीने ही माशी मरते, म्हणून शेतकऱ्याला स्वार्थापोटी का होईना, विष आवरावे लागले. किडींच्या बंदोबस्तासाठी मित्रकीटक आले. तेही किडी खाऊनच जगतात. म्हणजे हिंसा संपली नाही, पण विषाची व्याप्ती घटली.

खर्चाची बाजू मात्र सहसा वाचली जात नाही. पेटी दोन-तीन महिन्यांत निकामी होते आणि उरलेल्या माश्यांसह नष्ट केली जाते. अनेकदा ती गोठवतात. हे निर्दयतेपोटी नव्हे, तर परकी राणीमाशी बाहेर सुटू नये म्हणून. ती सुटली तर काय होते, हे चिलीने दाखवले. १९९७ च्या सुमारास तेथे युरोपीय बंबलबी आणली गेली. काही वर्षांतच ती पर्वत ओलांडून अर्जेंटिनात पोहोचली आणि तेथील सोनेरी रंगाची, जगातील सर्वांत मोठ्या बंबलबींपैकी एक असलेली स्थानिक जात अनेक भागांतून दिसेनाशी झाली. परक्या माश्यांसोबत आलेले रोग हे त्याचे एक कारण मानले जाते. जपानने २००६ मध्ये या युरोपीय माशीला आक्रमक परकी जीव ठरवून परवाना व जाळी बंधनकारक केली.

दोष माशीचा नाही. ती फुलाला आजही पीडा देत नाही. घेताना इतरांचा विचार करण्याची भ्रामरी वृत्ती विसरला तो तिला पेटीत भरून समुद्रापार पाठवणारा माणूस.

भारतात बंबलबी प्रामुख्याने हिमालयात आढळते. महाराष्ट्रात वांग्या-टोमॅटोच्या फुलांना असाच कंप देणारे काळे लाकडी भुंगे आणि निळ्या पट्ट्यांच्या माश्या आहेत. त्यांना विकत आणावे लागत नाही; केवळ जगू द्यावे लागते. बांधावरचे वाळके लाकूड व बांबू भुंग्यांचे घर आहे, नांगर न लागलेली माती निळ्या माश्यांचे. ते राखावे आणि पीक फुलावर असताना फवारणी टाळावी. शेतातील यतना ती हीच. आणि तिच्या खात्यात खर्चाची रक्कम फार थोडी पडते.