दाव्याचे टोक कोणाच्या हाती?

सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातली कपाशी झोडपून काढली. तिच्यावरचा पहिला घाव मात्र ऑगस्टमध्येच बसला होता. अमेरिकेने भारतीय मालावर 50 टक्के आयातशुल्क लावले. त्यातले निम्मे तर आपण रशियाचे तेल घेतो म्हणून केलेला दंड. कापडउद्योगाला दिलासा म्हणून आपल्या सरकारने परदेशी कापसावरचे 11 टक्के शुल्क 31 डिसेंबर 2025 पर्यंत माफ केले, म्हणजे तो इथे स्वस्त झाला. ऐन वेचणीच्या हंगामात सेलूच्या बाजारातल्या भावाचे सूत्र वॉशिंग्टनपर्यंत जाऊन पोचते, तेव्हा वालूरच्या दिवाळी अंकाने अमेरिकी साम्राज्याचा विचार करणे अस्थानी ठरू नये.

साम्राज्य ही चीज आपल्या भागाला पुस्तकातून कळलेली नाही. जुन्या परभणी जिल्ह्यातल्या हिंगोलीत हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज, खर्च निजामाचा. तो थकत गेला, कर्ज वाढले आणि 1853 मध्ये त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. ते परत मिळावे म्हणून निजामाचे दिवाण सालारजंग यांनी हयातभर धडपड केली. अखेर 1902 मध्ये व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला 25 लाख रुपयांवर वऱ्हाडाचा कायमचा पट्टा लिहून घेतला. संरक्षण द्यायचे, त्याचे बिल लावायचे आणि बिलापोटी मुलूख घ्यायचा, अशी ही रीत.

त्याच सुमारास अमेरिकाही या वाटेला लागली होती. आपल्या खंडातली मोकळी सरहद्द संपल्याचे तिच्या 1890 च्या जनगणनेने नोंदवले. ती भूमीही मुळात मूळ रहिवाशांकडून हिसकावलेली होती. 1893 च्या मंदीनंतर कारखान्यांच्या मालाला नवी गिऱ्हाइके हवी होती. आरमाराशिवाय राष्ट्र मोठे होत नाही, हे माहान नावाच्या नौदल अधिकाऱ्याने पटवून दिले होते. मग 1898 मध्ये क्यूबाला स्पेनच्या जुलमातून सोडवण्यासाठी युद्ध झाले. शेवटी पोर्तो रिको आणि ग्वाम अमेरिकेकडे आले, फिलिपिन्स दोन कोटी डॉलर देऊन घेतले गेले. फिलिपिनो जनतेने जूनमध्येच स्वातंत्र्य जाहीर केले होते, पण युद्ध संपवणाऱ्या पॅरिसच्या तहात त्यांच्या वकिलाला उभेही केले नाही. क्यूबाला 1902 मध्ये स्वातंत्र्य मिळाले, तेही अमेरिकेला हस्तक्षेपाचा हक्क राज्यघटनेत लिहून दिल्यावर.

याला खुद्द अमेरिकेतून विरोध झाला. 1896 मध्ये मुंबईला येऊन गेलेला लेखक मार्क ट्वेन पुढे साम्राज्यविरोधी संघाचा उपाध्यक्ष झाला. मात्र विरोध करणाऱ्यांत सगळेच न्यायाची चाड असलेले नव्हते. सावळ्या लोकांना आपल्या प्रजासत्ताकात घ्यायला नको, म्हणून वसाहती नाकारणारेही त्यांत होते.

मग नीतीची कसोटी कोणती? 1972 च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आपल्या आधीच्या पिढीने खाल्ल्या. त्या घशाखाली उतरत नसत, पण त्यांनी माणसे जगवली. त्या अन्नाचे मोल नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण 1965-66 मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी भारताला द्यायचा गहू महिन्या-महिन्याच्या हिशेबाने सोडला. भारताच्या शेतीधोरणात बदल व्हावा आणि व्हिएतनामवरची टीका थांबावी, हा त्यामागचा दाब होता. वैरण घालणाऱ्याच्याच हाती दावेही असते. म्हणून मदत किती मिळाली एवढेच विचारून भागत नाही. घेणाऱ्याला ‘नको’ म्हणता येते का, हेही विचारावे लागते. हिंगोलीच्या छावणीला निजाम ‘नको’ म्हणू शकला नाही, आणि फिलिपिनोंनी म्हटले तेव्हा त्यांच्यावर तोफा चालल्या. साम्राज्य ओळखायची खूण हीच.

ही कसोटी इतरांपुरती ठेवणे सोयीचे आहे. पण नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांनी 1741 नंतर दहा वर्षे बंगाल होरपळला. 1751 मध्ये ओडिशा आणि 12 लाखांची चौथाई मिळाली तेव्हा त्या थांबल्या. आपण ज्याला मुलूखगिरी म्हणून मिरवतो, त्याची धास्ती बंगाली अंगाईगीतात उरली आहे. अटकेपार झेंडे लावल्याचा अभिमान सांगणाऱ्याने तेही ऐकले पाहिजे. नाहीतर साम्राज्याला आपला विरोध फक्त ते दुसऱ्याचे आहे म्हणूनच उरेल.

वाचकहो, 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या संस्थानाची प्रजा असलेला हा प्रदेश आहे. ‘नको’ म्हणायच्या हक्काची किंमत त्याला ठाऊक आहे. तो हक्क आपल्यासाठी मागा आणि आपल्यापेक्षा दुबळा असेल त्यालाही द्या; देशाने शेजारी देशाला, गावाने वस्तीला, घरधन्याने घरातल्या बाईला. या अंकातले एखादे मत पटले नाही, तर तसे स्पष्ट लिहून कळवा.

— संपादक, वालूर