पंचांचा हात चुकतो तेव्हा

शाळकरी मुलांच्या फुटबॉल सामन्यात हे नेहमी घडतं. निळ्या संघातल्या मुलाच्या पायाला लागून चेंडू रेषेबाहेर जातो. पंच तोंडाने ‘लाल’ म्हणतात, हात मात्र निळ्यांच्या बाजूने दाखवतात. मध्यंतरानंतर हे जास्त होतं. संघांनी बाजू बदललेल्या असतात, पण पंचांच्या हाताला पहिल्या हाफची सवय लागलेली असते. चेंडू उचलायला दोन्हीकडची मुलं धावतात आणि रेषेबाहेरचे पालक त्यांच्याहून आधी सुरू होतात.

अशा वेळी पंचांनी काय करावं? लगेच शिट्टी वाजवून थ्रो-इन थांबवावा, हात योग्य दिशेला करावा आणि ‘माझी खूण चुकली, थ्रो लालचा’ असं दोन्ही संघांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगावं. फुटबॉलचा पाचवा नियम याला पूर्ण मुभा देतो. खेळ पुन्हा सुरू होण्याआधी पंच आपला निर्णय बदलू शकतात. एकदा खेळ सुरू झाला की मात्र मागे जाता येत नाही. म्हणजे चूक सुधारायला हातात असतात मोजके सेकंद. ते आरडाओरड्यात गेले, तर मुलांचा हक्काचा थ्रो जातो.

इनडायरेक्ट फ्री किकच्या बाबतीत तर नियम आणखी स्पष्ट आहे. या किकवर थेट गोल होत नाही, चेंडूला आधी दुसऱ्या कुणाचा तरी स्पर्श व्हावा लागतो. म्हणून पंचांनी एक हात डोक्यावर उंच धरायचा असतो आणि किक मारून झाल्यावरही, चेंडूला दुसरा खेळाडू लागेपर्यंत किंवा थेट गोल होणार नाही हे स्पष्ट होईपर्यंत, तो खाली आणायचा नसतो. पंच हात वर करायलाच विसरले आणि मुलाने चेंडू थेट जाळ्यात मारला तर? गोल नाही, पण गोल किकही नाही. तीच किक पुन्हा घ्यायची. पंच चुकू शकतात हे नियमानेच गृहीत धरलं आहे आणि त्या चुकीचा भुर्दंड मारणाऱ्या मुलावर पडू नये, याची सोयही करून ठेवली आहे. हा तेरावा नियम प्रत्येक प्रशिक्षकाला तोंडपाठ हवा. दुर्दैवाने हात वर होता की नव्हता, यावर वाद घालणारे प्रशिक्षकच जास्त दिसतात.

वेळेत चूक सुधारली नाही की काय होतं, याचं ठसठशीत उदाहरण एप्रिल २०१५ मधलं आहे. युरोपच्या एकोणीस वर्षांखालील मुलींच्या पात्रता स्पर्धेत नॉर्वे इंग्लंडविरुद्ध २-१ ने पुढे होता. ९६ व्या मिनिटाला इंग्लंडला पेनल्टी मिळाली आणि लिआ विल्यमसनने गोल केला. पण तिची एक सहकारी किकआधीच पेनल्टी क्षेत्रात शिरली होती. नियमानुसार पेनल्टी पुन्हा घ्यायला हवी होती. पंचांनी हात दाखवला तो नॉर्वेच्या फ्री किकसाठी. सामना संपला, इंग्लंडने तक्रार केली आणि युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने पाच दिवसांनी तो शेवटचा तुकडा पुन्हा खेळवला. बेलफास्टमध्ये दोन्ही संघ त्या दिवशीचे आपापले सामने उरकून पुन्हा मैदानात उतरले, ते केवळ एक पेनल्टी आणि उरलेल्या काही क्षणांसाठी. विल्यमसनने पुन्हा गोल केला, सामना २-२ असा सुटला. अठरा वर्षांच्या मुलीला एकच पेनल्टी दोनदा मारावी लागली. मैदानावरच कुणी पंचांना नियमाची आठवण करून दिली असती, तर हे सारं टळलं असतं.

चुका फक्त नवख्या पंचांच्या होतात असंही नाही. २००६ च्या विश्वचषकात क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया सामन्यात इंग्लंडचे नावाजलेले पंच ग्रॅहम पोल यांनी योसिप शिमुनिचला तीन पिवळी कार्डं दाखवली, तेव्हा कुठे तो मैदानाबाहेर गेला. पोल यांच्या दिमतीला दोन सहायक आणि चौथा पंच होता. आपल्याकडे मुलांच्या अनेक सामन्यांत भर उन्हात एकटा पंच धावत असतो, बऱ्याचदा कॉलेजात शिकणारा. त्याच्याकडून त्याहून जास्त अचूकतेची अपेक्षा करणं हा अन्याय आहे.

कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींनी फुटबॉल जिवापाड जपला आहे, मुंबई-पुण्यात अकादम्या वाढत आहेत. खेळणारी मुलं वाढली की पंचही वाढायला हवेत, आणि प्रत्येक चुकलेल्या खुणेवर शिव्या खाव्या लागणार असतील तर ते येणार नाहीत. आयोजकांनी नव्या पंचासोबत निदान एक अनुभवी माणूस रेषेवर उभा करावा. प्रशिक्षकांनी चूक दिसली तर कर्णधारामार्फत, शांतपणे आणि खेळ सुरू होण्याआधी विचारावं. आणि पालकांनो, पंचाने शिट्टी वाजवून स्वतःची खूण दुरुस्त केली, तर हुर्यो करू नका. त्याला टाळ्या द्या, म्हणजे पुढच्या सामन्यालाही तो शिट्टी घेऊन येईल.