एक वायर जास्त!

शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जमिनीवर केबलचं सुटं टोक दिसतं. कुणीतरी नीटनेटका गडी ते स्विचच्या रिकाम्या पोर्टमध्ये खोचतो. दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये! मिनिटाभरात लॅब ठप्प, आणि स्विचचे दिवे मात्र वेड्यासारखे लुकलुकतायत.

झालं काय? एखादा कॉम्प्युटर सगळ्यांना विचारतो, "प्रिंटर कुठंय?" स्विच तो प्रश्न, आला ते दार सोडून, बाकी सगळ्या दारांतून धाडतो. वायरींचं वर्तुळ झालं की प्रश्न फिरून परत येतो, पुन्हा धाडला जातो. थांबणार कोण? रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ साली यावर तोड काढली: स्विच आपापसांत बोलून जादा वाट बंद ठेवतात. पण स्वस्तातल्या स्विचमध्ये ही सोय बहुधा नसते. म्हणून दोन स्विचमध्ये एकच केबल, बरं का!

पुण्याच्या सीडॅकने १९९१ साली 'परम ८०००' महासंगणक बनवला. त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटरला जोडणीच्या वाटा चारच. कुठली वाट कुणाकडे, हे आधी ठरवावंच लागे.

आता खरी फसवी चूक. केबलमध्ये ८ तारा, पिळलेल्या ४ जोड्या. नेहमीच्या 'बी' पद्धतीत हिरव्या जोडीच्या तारा तिसऱ्या नि सहाव्या जागी, मध्ये निळी जोडी. नवशिका जोड्या शेजारी-शेजारी लावतो. साध्या टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण नेट रडत चालतं! पीळही टोकाशी अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू नका, आणि केबल १०० मीटरच्या आत ठेवा.

ते सुटं टोक? आधी दुसरं टोक शोधा, मगच हात लावा.