मूळ एकच हवे, मालक नको

एकाच जमिनीचे दोन वेगळ्या मालकांच्या नावांचे दोन सातबारे निघाले तर काय होते, हे महाराष्ट्रात कोणाला सांगायला नको. इंटरनेटवर मात्र असे दोन सातबारे असावेत, अशी मागणी गेली पंचवीसएक वर्षे अधूनमधून डोके वर काढते. मागणी करणाऱ्यांची तक्रार रास्त आहे. त्यांनी सुचवलेला उपाय चुकीचा आहे.

आपण बँकेच्या संकेतस्थळाचे नाव टाइप करतो. संगणकाला लागतो तो आकड्यांतला पत्ता. नावावरून पत्ता शोधणारी डोमेन नेम सिस्टिम पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. तिच्या सर्वांत वरच्या पायरीवर एक मूळ यादी असते. त्या यादीत बँकांची नावे नसतात. '.कॉम'ची चौकशी कोणाकडे करायची, '.इन'ची कोणाकडे, एवढेच तिथे कळते. ही यादी १३ नावांच्या सर्व्हरवरून मिळते. ते १२ संस्था चालवतात आणि त्यांच्या प्रती जगभर, मुंबईतही, बसवलेल्या आहेत. म्हणजे यंत्रे पुष्कळ आहेत, यादी मात्र एक.

ती एकच का हवी? '.बिझ'चे उदाहरण पाहा. नावांचा कारभार पाहणाऱ्या 'आयकॅन' या संस्थेने २००० मध्ये '.बिझ'ला मान्यता दिली, तेव्हा काही पर्यायी याद्यांमध्ये याच शेवटाची नावे आधीपासून होती. त्यामुळे एकच नाव दोघांचे होऊ शकत होते. ते टाइप केल्यावर आपण कुठे पोहोचणार, हे इंटरनेट सेवा देणारी कंपनी कोणती यादी वाचते यावर ठरणार. बँकेच्या किंवा रुग्णालयाच्या नावाबाबत असे झाले, तर ईमेल भलत्याच्या हाती पडेल आणि पाठवणाऱ्याला पत्ताही लागणार नाही.

आता तक्रारीकडे वळू. त्या १२ संस्थांपैकी ९ अमेरिकी आहेत. मूळ यादीतील बदलांवर २०१६ पर्यंत अमेरिकेच्या वाणिज्य खात्याची देखरेख होती. 'आयकॅन' आजही कॅलिफोर्नियाच्या कायद्याखाली नोंदलेली आहे. उद्या एखाद्या देशाचे नावच यादीतून खोडले तर?

ही कसोटी मार्च २०२२ मध्ये लागली. रशियाचे '.आरयू' रद्द करा, अशी मागणी युद्धात होरपळणाऱ्या युक्रेनने केली. 'आयकॅन'ने ती नाकारली. युक्रेनचा संताप समजण्यासारखा होता, तरीही नकार योग्यच होता. एकदा खोडरबर हाती घेतले की पुढच्या वेळी ते कोणावर चालेल, हे सांगता येत नाही. रशियाने तर २०१९ मध्येच स्वतःच्या राष्ट्रीय नामव्यवस्थेची तरतूद कायद्यात केली होती. वेगळ्या मुळाने नागरिक स्वतंत्र होत नाही. त्याने काय पाहावे, हे ठरवणे सरकारला सोपे जाते, एवढेच.

यादी गुप्तही नाही. ती कोणालाही उतरवून घेता येते आणि सेवा देणाऱ्या कंपन्या तिची प्रत स्वतःकडे ठेवू शकतात. २०१० पासून तिच्यावर डिजिटल स्वाक्षरी असते, त्यामुळे वाटेत कोणी फेरफार केल्यास तो तपासता येतो. खरी उणीव आहे ती अधिकाराच्या वाटपात. अमेरिकेबाहेरच्या आणखी संस्थांना मूळ सर्व्हर चालवायला मिळायला हवेत. राजकीय कारणासाठी कोणत्याही देशाचे नाव खोडायचे नाही, हा संकेत न राहता लेखी नियम व्हायला हवा. भारताने आपले वजन इथे खर्च करावे.

देवनागरीतले '.भारत' २०१४ मध्ये सुरू झाले. त्यातले नाव पुण्यात उघडते तसे न्यू जर्सीतल्या मराठी घरातही उघडते, कारण दोन्हीकडचे संगणक एकच यादी वाचतात. भारताने उद्या वेगळी यादी काढली, तर तिच्यातली नवी नावे आपल्या सीमेपलीकडे कोणालाच सापडणार नाहीत.